न बोलायचा शब्द

६ फेब्रुवारी, बुधवार

मिन्टर्स बेंडच्या लोकांनो, तुमचा राग मला कळतो! तुम्ही बँड बोलावलात, केक आणलात, शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून त्यावर फुटबॉलसाठी फुकट शिकवायला तयार झालेल्या कॉलेजची निळी टोपी ठेवलीत, आणि पोराने टोपीला हात लावला नाही. या गावाला कुणी विचारत नाही. कापूस गेला, रेल्वे गेली, दवाखाना गेला. एक पोर पेपरात झळकणार होतं, तेही हातचं गेलं. पण रागवायचं कुणावर? ज्याने नकार दिला त्याच्यावर, की ज्यांनी त्याला दुसरं काही विचारलंच नाही त्यांच्यावर?

— एवढं सगळं घशाशी आलं होतं. माईक कुणी हातात दिला नाही, म्हणून या वहीवर काढतेय.

झालं असं. ओमारी पिकन्स उभा राहिला. सहा फूट तीन इंच उंच, लांबून फेकलेला चेंडू पळत हातात झेलणारा, गेली तीन वर्षं आमच्या फुटबॉलचा देव. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, "सगळ्यांचे आभार. पण मी सही करणार नाही. मला कॉलेजात बेसबॉल खेळायचाय." आणि बसला. बँडवाल्यांना कळेना, वाजवायचं की नाही. एकाने ढोलावर थाप मारलीच.

बेसबॉलसाठी त्याला एकाही कॉलेजने विचारलेलं नाही. एकाही!

त्याची आई रनिता माशांच्या कारखान्यातून तशीच आली होती, पांढऱ्या रबरी बुटांत. मुलाशी बोलली नाही. मला म्हणाली, "रेव्हरंडबाई, त्याला सांगा, माझ्या शेजारच्या टेबलावर जागा रिकामी होतेय. सुरी कंपनीच देते."

१० फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर तो केक चर्चमध्ये खाल्ला. वाया कसा घालवायचा? चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन होझियाने सुरीने त्यावरचं कॉलेजचं नाव आधी खरवडून काढलं. म्हणे, फुटबॉलचं नाव पोटात गेलं तर बाधेल. तो स्वतः जुना बेसबॉलवाला. ओमारीने दोन तुकडे खाल्ले, मान वर न करता. रनिताने एकही नाही.

१४ फेब्रुवारी

धप्.

उपदेश लिहायला बसले की सुरू होतं. माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला त्याने एक जुनी गादी टांगली आहे, आणि शाळा सुटली की तिच्यावर चेंडू फेकत बसतो. डाव्या हाताने. धप्. थोडं थांबून, धप्. आधी मला वैताग आला होता. आता माझी वाक्यं त्या तालावर पडतात. परवा रविवारी लोक म्हणाले, आज बाईंच्या बोलण्यात काय जोर होता! जोर माझा नव्हता, गादीचा होता.

आज बाहेर थंडगार चिखल. या डेल्टातला काळा चिखल बुटाला धरला की सोडत नाही. त्याने एक फळी आणून टाकली, तिच्यावर उभा राहिला आणि फेकत राहिला. कुणी बघत नाही, कुणी मोजत नाही, कुणी शाबासकी देत नाही. मी आयुष्यभर निर्धारावर भाषणं देत आलेय. निर्धार दिसायला कसा असतो, ते मात्र या खिडकीतून बघतेय.

२२ फेब्रुवारी

आज विचारलंच त्याला. म्हटलं, अरे, फुटबॉलमध्ये सगळं ताटात वाढून ठेवलंय, मग हे डोहाळे का?

त्याने चेंडू बोटांत फिरवला. मग म्हणाला, "फुटबॉलमध्ये कुणी माझ्याकडे चेंडू टाकेपर्यंत मला वाट बघावी लागते, रेव्हरंडबाई. इथे चेंडू माझ्याकडे असतो. मी टाकेपर्यंत कुणी हलत नाही."

 

५ मार्च, मंगळवार

टॉलिव्हर सर आले होते. ते भूमिती शिकवतात, बेसबॉलची टीम बघतात आणि टीमची बसही चालवतात. त्यामुळे नेहमी दमलेले. आज चेहरा उजळलेला. महिनाभर कॉलेजांना फोन करत होते. कुणी उचलत नव्हतं, उचललं तर विचारत होतं, मुलगा कुठल्या शिबिराला गेलाय? कुठल्या! त्या शिबिरांची फी भरायची तर रनिताला घर विकावं लागेल.

शेवटी अलाबामातल्या डोव्हर हिल कॉलेजच्या वेनराइट नावाच्या माणसाने ऐकून घेतलं. तो म्हणाला म्हणे, "चेंडूचा वेग मला यंत्र सांगतं. बेसवर समोरच्या टीमचा गडी उभा असताना पोर काय करतं, ते मला डोळ्यांनी बघायचंय." एप्रिलमध्ये जमलं तर येईन म्हणाला.

जमलं तर! या दोन शब्दांवर आमच्या काळ्या लोकांच्या किती पिढ्या जगल्या.

८ मार्च

ओमारीने चर्चच्या पिकनच्या झाडाला टायर टांगलाय. आता फळीवरून कधी गादीकडे फेकतो, कधी मध्येच वळून टायरकडे.

कशासाठी, ते माझ्यावरच करून दाखवलं! "जरा इथे उभ्या राहता का?" म्हणाला. टायरपाशी उभी राहिले. हा झाला पहिला बेस, फटका मारून पळालेला फलंदाज येऊन थांबतो ती पहिली जागा. बेसवरचा माणूस पुढच्या बेसकडे चोरून पळायला टपलेला असतो, म्हणून हळूहळू पुढे सरकतो. मीही सरकले, उपदेशाच्या बुटांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याने उजवा पाय उचलला. आता गादीकडे फेकणार, असं अगदी स्पष्ट दिसत होतं. मी आणखी सरकले. आणि टायर माझ्या मागे धप्! मी बेस सोडलेला, चेंडू तिथे पोचलेला. म्हणजे मी बाद.

पुन्हा केलं. पुन्हा बाद. मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं — दर वेळी बाद! हसून हसून पोट दुखलं.

"पहिल्यांदा साधा फेकायचा, ढिला," तो म्हणाला. "म्हणजे त्याला वाटतं, याला एवढंच येतं. मग तो लोभाने अजून पुढे येतो."

केवढं कसब, आणि बघायला फक्त एक म्हातारी पाळकबाई!

१२ मार्च

मैदानावरचा पार्किंगच्या बाजूचा भोंगा मेला. सामने मीच पुकारते, तेव्हा दुरुस्तीही मलाच बघावी लागेल. डीकन होझिया म्हणतो, राहू दे, निम्म्या गावाला तरी शांतता.

२४ मार्च, रविवार

आज टीमसाठी टोपली फिरवली, चेंडू घ्यायचे होते. बोलताना तोल सुटला. म्हटलं, एके काळी या डेल्टात प्रत्येक मळ्याची एक टीम होती. आपले बाप आठवडाभर कापूस वेचायचे आणि रविवारी दुपारी सम्राट व्हायचे! तो खेळ आपल्याकडून कुणी हिसकावला नाही, त्याला नुसतं कुंपण घातलं. आज तो खेळायला पोराचा बाप डॉक्टर असावा लागतो. आणि वर ते विचारतात, तुमची मुलं बेसबॉल का खेळत नाहीत?

"बोला, बाई!" म्हणून बाकं दणाणली.

आमच्या मैदानामागे अवजारांची पत्र्याची टपरी आहे. तिच्यावर एकच नाव रंगवलेलं आहे — होझिया ग्रब्ज. पंचवीस वर्षांचा असताना त्याने एका अख्ख्या सामन्यात समोरच्या कुणालाही फटका मारून बेस गाठू दिला नव्हता, एकही हिट दिली नव्हती. त्या पराक्रमाला एक नाव आहे. पण तो घडत असताना ते उच्चारायचं नसतं. कुणीही नाही, कुठेही नाही. बोललं की मोडतो. माझे वडील म्हणायचे, अशा वेळी देवसुद्धा पुटपुटतो. होझियाच्या त्या सामन्यात माझ्या आईला शिंक आली, तर वडिलांनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

हसा हवं तर. मीही धर्मशास्त्र शिकलेली बाई आहे. पण तो शब्द मी इथे वहीतसुद्धा लिहीत नाही.

२९ मार्च

फुटबॉलवाले पुन्हा आले. जागा अजून राखून ठेवलीये, सोमवारपर्यंत सांग. रनिताने मला बोलावलं, दोघांच्या मध्ये बसायला.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मी बावीस वर्षं मासे सोलतेय. माझ्या बोटांना थंड-गरम कळत नाही आता. तुला एक दार उघडं आहे आणि तू भिंतीला धडका मारतोयस."

"भिंतीला गादी लावलीये, ममा."

तिला हसू आलं, त्याचाच तिला जास्त राग आला. उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच. तिथूनच, मान न वळवता म्हणाली, "आणि तो अलाबामावाला आलाच नाही तर?"

ओमारी म्हणाला, "तर सुरी घेईन. तुझ्या शेजारी उभा राहीन. पण आधी एकदा बघू दे त्याला."

बाहेर त्या लोकांना त्याने स्वतः नाही म्हणून सांगितलं. टोपी काढून, सर म्हणून. अठरा वर्षांचं पोर! मी भल्याभल्यांना दारातच शब्द गिळताना पाहिलंय.

३ एप्रिल

वेनराइट शुक्रवारी येतोय! सर सांगताना दोनदा अडखळले.

५ एप्रिल, शुक्रवार

 काय केलं मी हे!

सुरुवातीपासून लिहिते. समोर कॅरोल लँडिंगची टीम. ऊन स्वच्छ. मासळीच्या तळ्यांवरून वारा, पानात उकडलेल्या मक्याच्या तमाल्यांचा वास, पन्नास-साठ माणसं. आमच्या बेसबॉलला ही जत्राच! वेनराइट फलंदाजाच्या मागच्या जाळीपाशी घडीची खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर वेग मोजायचं यंत्र. रनिता सगळ्यात वरच्या फळीवर, बुटांसकट. मी माझ्या लाकडी खोक्यात माईकपाशी. होझिया शेजारी.

ओमारीने पहिले तिघे बाद केले. दुसऱ्या डावात तिघे. तिसऱ्यात तिघे. कुणी बेसवर पोचलंच नाही. चौथ्या डावापासून लोकांना कळायला लागलं. बोलणं बंद. शेंगा विकणारी बाई ओरडायची थांबली. आमची पोरं बाकावर ओमारीपासून सरकून बसली, कुणी त्याच्याकडे बघेना. तसंच करायचं असतं. होझिया दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत होता. मी फक्त फलंदाजांची नावं पुकारत होते, तीही दबक्या आवाजात. पाच डाव झाले. सामना सात डावांचा. आम्ही पाच धावांनी पुढे.

सहावा डाव. दोघे बाद. आता त्यांचा नववा, शेवटचा फलंदाज यायचा होता. आणि मी पाहिलं, वेनराइट उठला. यंत्र पिशवीत टाकलं. खुर्ची मिटली! काखेत मारून पार्किंगकडे चालायला लागला.

 त्याला कळत नाहीये का, इथे काय चाललंय? तिकडे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा आमचा कॅचर डेल्विन आणि ओमारी, दोघांचं काही जुळेना. कुठला चेंडू टाकायचा याची डेल्विन बोटांनी खूण करतोय, ओमारी नकारार्थी मान हलवतोय. दुसरी खूण, पुन्हा नाही. डेल्विन उठून त्याच्यापाशी गेला, काहीतरी बोलला आणि लिंबू चावल्यासारखं तोंड करून परत आला. मी म्हटलं, संपलं, पोर बिथरलं. आणि वेनराइट चाललाय. त्याच्याबरोबर सगळंच चाललंय!

माईक चालू होता. मी म्हटलं, "कॅरोल लँडिंगचा नववा फलंदाज, ट्रेव्हियन बूथ." इथे थांबायचं होतं. थांबले नाही. म्हटलं, "आणि मंडळी, कृपा करून कुणी जाऊ नका, कारण ओमारी पिकन्सने आज अजून एकालाही —"

आणि तो शब्द. मोठ्याने. भोंग्यातून.

होझियाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेदीवर थुंकले.

पुढचाच चेंडू. हळू आला आणि अगदी मधोमध. मला वाटलं, पोराचा हातच गळला. ट्रेव्हियन बूथ म्हणजे नववीतलं किडकिडीत पोर, शर्ट गुडघ्यापर्यंत. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली — ठाक! चेंडू दुसऱ्या बेसवरून सरळ गवतात. पोर पळत पहिल्या बेसवर पोचलं आणि आपण इथे कसे, असं बघत राहिलं. त्याच्या बापाने ट्रकचा भोंगा दाबला तो सोडेचना.

 आमच्या बाजूची सगळी माणसं वळून माझ्या खोक्याकडे बघत होती. होझिया एकच वाक्य बोलला, "पंचेचाळीस वर्षं वाट बघत होतो, बाई." आणि खोक्याची शिडी उतरून गेला.

आणि ओमारी? मी मान वर करून बघायचं धाडस केलं. तो शांत उभा. ट्रेव्हियन थोडा पुढे सरकला. ओमारीने पहिल्या बेसकडे एक ढिला चेंडू टाकला. पोर आरामात परतलं. पुन्हा सरकलं, या वेळी जास्त. बापाचा भोंगा, अंगात वारं! ओमारीचा उजवा पाय उचलला गेला...

मला टायर आठवला. मी खोक्यात एकटीच म्हटलं, "बाळा, मागे फिर."

तो बाद. आणि बाद होऊनसुद्धा हसतच परत गेला! हिट ती हिट, ती कोण काढून घेणार?

सातव्या डावात ओमारीने पहिल्याच फलंदाजाला चार चेंडू बाहेर टाकले, म्हणजे त्याला फुकट पहिला बेस. दिवसभरात एकही असा दिला नव्हता. माझ्यामुळे! हात बिघडवला मी त्याचा! पण त्यालाही तसंच, पाय उचलून, बेसवर पकडलं. मग उरलेले दोघे. जिंकलो. टाळ्या वाजल्या, पण कुणी मेल्यासारख्या.

खाली उतरले तर पहिल्या बेसच्या कुंपणापाशी एक खुर्ची उघडलेली. तिच्यात वेनराइट!

६ एप्रिल

काल पुढचं लिहायचं राहिलं. झोप आली नाही, पण लिहवतही नव्हतं.

वेनराइट मला म्हणाला, "मी निघालोच होतो, बाई. नुसती बाद करत सुटलेली पोरं मी वाटेल तिथे बघतो. बेसवर कुणी नाही, तर मी बघू काय? गाडीचं दार उघडलं आणि तेवढ्यात तो आवाज झाला, म्हणून वळलो."

तो आवाज! माझा! म्हणजे माझ्या गाढवपणाने त्याला थांबवलं. देव कधी कधी गाढवाच्या तोंडूनही बोलतो, म्हणतात ते उगाच नाही.

ओमारी सामान भरत होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमच्यामुळे नाही गेलं ते, रेव्हरंडबाई. खरंच नाही." किती मोठं मन! टपरीवर होझियाच्या खाली त्याचं नाव रंगवलं गेलं असतं, तो मेल्यावरही राहिलं असतं. ते मी माझ्या जिभेने पुसलं, आणि हा मलाच समजावतोय.

७ एप्रिल, रविवार

सगळ्यांसमोर कबूल केलं. उपदेश जिभेवर आणि क्षमेवर. म्हटलं, क्षमा कशी करावी हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही, या तिसऱ्या बाकावरच्या पोराने शिकवलं! लोक उभे राहिले. ओमारी बुटांकडे बघत होता, कान लाल. विनयसुद्धा केवढा!

होझियाने हात मिळवला नाही. दारात म्हणाला, "नातीला बाळ होणार आहे. त्याविषयी काही बोलू नका म्हणजे झालं."

११ एप्रिल

किराणा दुकानात, पोस्टात, सगळीकडे तेच. मला बघितलं की लोक ओठांवर बोट ठेवतात. पोरंसुद्धा.

आणि मागच्या भिंतीवर धप्. अलाबामाहून अजून काही नाही. रनिता दर उपासनेला येते, आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा. काही मागत नाही. नुसती बसते.

१६ एप्रिल, मंगळवार

आलं! आलं! आलं!

डोव्हर हिल त्याला घेतंय. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं. टॉलिव्हर सर रस्त्यात गाडी उभी करून रडत होते, मागे शाळेची अख्खी बस थांबलेली. वेनराइट त्यांना म्हणाला म्हणे, असा वळून फेकणारा डावखुरा मी पाच वर्षांत पाहिला नाही.

मी रनिताला सांगायला कारखान्याच्या दारात गेले. ती हातमोजे काढत म्हणाली, "मग त्या रिकाम्या जागेवर दुसरं कुणीतरी घ्यायला सांगते." आणि भिंतीला टेकली. मी तिला धरलं. मासळीचा वास, बर्फाचा गारठा, आणि ती हसत होती की रडत, ते मला कळेना.

२१ एप्रिल, ईस्टर

सही चर्चमध्येच झाली. बँड नव्हता, आमचा गायकवृंद पुरे. रनिताने स्वतः केक केला. होझिया सुरी घेऊन पुढे झाला, तशी ती म्हणाली, "डीकन, या वेळी नाव खरवडायचं नाही."

त्याने खरवडलं नाही. पण मला वाढलेला तुकडा तेवढा बिननावाचा निघाला.

१२ मे, रविवार

पुढच्या रविवारी शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी खास उपासना. माझ्याच उपदेशाची पाळी. अख्खी कौंटी, आसपासची सगळी गावं येणार, कॅरोल लँडिंगची मुलंसुद्धा. विषय ठरला — न बोलायचा शब्द. मी बोलू नये ते बोलले, पराक्रम मोडला, आणि त्या मोडण्यातूनच देवाने त्या माणसाला गाडीच्या दारातून परत आणलं. काय वाक्यं सुचतायत! एवढं चांगलं मी आजवर काही लिहिलं नाही.

१७ मे, शुक्रवार

ओमारी गादी काढून न्यायला आला होता. मी त्याला उपदेशाचं पहिलं पान वाचून दाखवलं. त्याने मध्येच थांबवलं.

"असं नका सांगू, रेव्हरंडबाई. वेदीवरून खोटं होईल. ती हिट मी दिली."

वेनराइटने खुर्ची मिटलेली त्याने पाहिली होती. बेसवर कुणीतरी हवं होतं. नववा फलंदाज सगळ्यात हलका, आणि लहान, म्हणून लोभाने पुढे येणारा. डेल्विन जवळ आला तेव्हा त्याला त्याने हे सांगितलं होतं, म्हणून तर त्याचं तोंड तसं झालं. सातव्या डावातले ते चार चेंडूसुद्धा मुद्दाम. माझा शब्द त्याने ऐकलासुद्धा नव्हता.

टपरीवरचं नाव, जे या गावात पंचेचाळीस वर्षं कुणाला मिळालं नाही, ते त्याने स्वतःच्या हाताने, हळू, मधोमध टाकून दिलं. आणि कुणाला कळू दिलं नाही!

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही त्यावर उपदेश केलात." मग म्हणाला, "ट्रेव्हियनला वर्षभरात तेवढी एकच हिट मिळाली. त्याच्या बापाने तो चेंडू फडताळात ठेवलाय. ती त्याची राहू द्या."

तो गेल्यावर उमगलं. पार्किंगच्या बाजूचा भोंगा तर मार्चपासून मेलेला. वेनराइट ज्या आवाजाला वळला, तो माझा नव्हता. बॅटचा होता.

ऐक, रेव्हरंडबाई वर्डेल स्टब्ज, परवा तुझं चर्च गच्च भरलेलं असेल. ट्रेव्हियन बूथ बापाशेजारी बसलेला असेल. डीकन होझिया पहिल्या बाकावरून ओठांवर बोट ठेवेल आणि सगळे हसतील. हसू दे. तू ती पानं चुलीत घाल, आणि त्या सामन्याविषयी एक शब्द बोलू नकोस.